शेवटचं औषध कधी दिलं?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवड या भागातल्या कुठल्याही निर्यातीच्या द्राक्षबागेत जा, शेडमध्ये एक वही सापडतेच. तारीख, औषधाचं नाव, लिटरमागे प्रमाण, आणि शेवटच्या रकान्यात काढणीपर्यंतचे दिवस. शेवटची फवारणी कधी आणि कशाची, हा प्रश्न बागायतदाराला झोपेतून उठवून विचारला तरी तो चुकायचा नाही. रेसिड्यू (मालात राहिलेला औषधाचा अंश) आणि पीएचआय (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस) हे शब्द आमच्या घरातली म्हातारी माणसंही मराठीच असल्यासारखे बोलतात.

ही वही आम्हाला कुणी हौसेनं शिकवली नाही. २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्यानंतर पुण्याजवळ मांजरीला, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात, अंश तपासणारी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडानं बागेपासून मालाचा माग ठेवणारी ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली आणि प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक मिळाला. तरीही २०१० साली घात झालाच. वेलीची वाढ रोखणारं सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, युरोपातल्या तपासणीत मर्यादेपेक्षा जास्त निघालं. आपल्याकडे तपासायच्या यादीत ते नव्हतंच, म्हणून कुणी शोधलंही नव्हतं. त्या वर्षी मीही माल पाठवला होता. निर्यातदाराचा फोन आला त्या संध्याकाळी घरात चूल पेटली नाही. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे: जे शोधलंच नाही, ते सापडत नाही. मग आपण समजतो की ते नाहीच.

या पुस्तिकेला प्रस्तावना लिहिण्याची विनंती एका द्राक्षवाल्याला का केली, असं वाचकाला वाटेल. पुस्तिकेचा विषय आहे खाऱ्या पाण्यात पाळलेल्या माशांच्या मांसात राहून जाणारे प्रतिजैविकांचे अंश. नाशिकपासून समुद्र घाटाखाली. मुंबईकडून मासळीच्या गाड्या कसारा घाट चढून पहाटे बाजारात येतात, तेवढीच काय ती आमची समुद्राशी ओळख. शिवाय आठवडी बाजारातलं सुकट आणि सुके बोंबील. पण हस्तलिखित वाचू लागलो आणि दुसऱ्याच पानावर थांबलो. तिथे लिहिलेली अडचण माझीच होती, फक्त पिकाचं नाव वेगळं होतं.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. बाजारातला बोंबील, बांगडा, सुरमई, पापलेट हे समुद्रातून धरून आणलेले मासे आहेत. त्यांना कुणी खाद्य घालत नाही, औषधही देत नाही. पाळलेला मासा वेगळा. थाळीत येणारी बरीचशी मोठी कोळंबी आता तलावातली असते, आणि तीही बहुतेक व्हेनामी, म्हणजे मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. २००९ मध्ये ती भारतात व्यापारी शेतीसाठी रीतसर आली आणि काही वर्षांत तिनं आपल्या टायगर कोळंबीला मागे टाकलं. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठानं तिचे तलाव आहेत. माशांमध्ये मुख्य नाव जिताड्याचं. गोव्यात त्याला चोणक म्हणतात. हा खाडीतला, गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांत रमणारा मासा. लहानपणी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात गावतळ्यांत जिताडा पाळण्याची रीत जुनी आहे. पाहुण्याला जिताडा खाऊ घालणं हा तिथे मान असतो. अलीकडे मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या मदतीनं कोकणातल्या खाड्यांमध्ये पिंजऱ्यात जिताडा वाढवणारे गटही उभे राहिले आहेत. बासा आणि चिलापी हे गोड्या पाण्यातले मासे. पापलेटच्या नावाखाली विकला जाणारा रूपचंदही गोड्या पाण्यातलाच. ते या पुस्तिकेच्या कक्षेबाहेर आहेत, पण प्रश्न त्यांनाही तोच लागू पडतो.

आता तलावात औषध का जातं, ते पाहू. एकरभर पाण्यात लाखांनी बीज सोडलेलं असतं. खाद्याचा खर्च रोज वाढत जातो, रात्रभर एरेटर चालतात, विजेचं बिल थांबत नाही. शंभर-सव्वाशे दिवसांचं पीक. साठाव्या-सत्तराव्या दिवशी सकाळी काठावर मेलेली कोळंबी दिसते. त्या माणसाच्या पोटात काय होत असेल, हे मला वेगळं सांगावं लागत नाही; छाटणीनंतर बागेवर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आलेला मी पाहिला आहे. अशा वेळी जो कुणी दुकानातून पुडी काढून ‘हे घाला, थांबेल’ म्हणतो, तो देवासारखा वाटतो.

पुडीत अनेकदा प्रतिजैविक असतं. इथे पुस्तिकेतली पहिली महत्त्वाची गोष्ट येते. भारतातल्या कोळंबीशेतीला ज्या दोन रोगांनी सर्वांत जास्त मारलं, त्यांतला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे आणि दुसरा, ईएचपी, पेशीत शिरून राहणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा. प्रतिजैविक जिवाणूंना मारतं. या दोन्ही रोगांवर ते पाण्यात पैसे ओतल्यासारखंच. व्हिब्रिओसारख्या जिवाणूंच्या रोगात त्याचा उपयोग होऊ शकतो, पण तिथेही अडचण आहेच. औषध खाद्यात मिसळून देतात आणि आजारी मासा खात नाही. खातो तो धडधाकट मासा. म्हणजे ज्याला औषधाची गरज, त्याच्या पोटात ते जात नाही, आणि ज्याला गरज नाही, त्याच्या मांसात ते उतरतं. उरलेलं खाद्य तळाच्या गाळात जाऊन बसतं.

खाऱ्या पाण्यामुळे गुंता आणखी वाढतो. पुस्तिकेतला हा भाग मी दोनदा वाचला. गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. पाणी त्याच्या अंगात आपोआप शिरत राहतं आणि तो ते लघवीवाटे बाहेर टाकत असतो. समुद्रातल्या माशाचं उलटं. भोवतालचं मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून तो सतत समुद्राचं पाणी पितो. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे मत्स्यशेतीत जगभर वापरलं जाणारं जुनं औषध या दोन धातूंना घट्ट धरतं. माशाच्या आतड्यात ते त्यांच्याशी बांधलं जातं आणि रक्तात न उतरता बाहेर पडतं. तोंडावाटे दिलेल्या औषधातला फार थोडा भाग अंगी लागतो. म्हणून डोस मोठा ठेवावा लागतो. माशाच्या किलोभर वजनाला रोज ७५ मिलिग्रॅम हा काही देशांत नेहमीचा डोस आहे. माणसाला हेच औषध देताना किलोमागे पंधरा-वीस मिलिग्रॅम पुरतं. एवढा मोठा डोस, आणि त्यातला बहुतेक वाटा विष्ठेबरोबर पाण्याखालच्या गाळात.

जेवढं रक्तात पोहोचतं, तेवढं रक्ताबरोबर मांसात येतं आणि रक्ताबरोबरच हळूहळू निघूनही जातं. यकृतात आणि मूत्रपिंडात त्याचं प्रमाण जास्त असतं. हाडांत, खवल्यांत आणि कातडीत ते कॅल्शियमला धरून फार काळ टिकतं. इतकं की माशाच्या कानातल्या कॅल्शियमच्या खड्यावर खूण उमटवण्यासाठी संशोधक याच औषधाचा वापर करतात आणि पुढे ती खूण खास दिव्याखाली चमकते. तपासणी मांसाची करतात, कारण माणूस खातो ते मांस. युरोपात माशाचं मांस कातडीसकट धरतात. माझं मत असं की आपल्या ताटाचा विचार आपल्यालाच करायला हवा. आपल्याकडे मुंडक्याचा रस्सा होतो, लहान मासा काट्यासकट चावून खातात, कोळंबी डोक्यासकट शिजते आणि ते डोकं चोखलंही जातं. कोळंबीच्या डोक्यात तिचं यकृतासारखं काम करणारं इंद्रिय असतं. औषध सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तिथेच जमतं. नियम मांसावर थांबतो, कोकणी जेवण तिथे थांबत नाही.

मांसातून औषध निघून जायला दिवस लागतात आणि हे दिवस पाण्याच्या तापमानावर ठरतात. थंड रक्ताच्या प्राण्याच्या शरीराचा वेग पाण्याबरोबर बदलतो. म्हणून युरोपात माशांच्या बाबतीत दिवस न मोजता अंश-दिवस मोजण्याची पद्धत आहे: पाण्याचं तापमान गुणिले दिवस. ज्या औषधाला माशासाठी स्वतंत्र कालावधी ठरवलेला नाही, त्याला तिथे २०२२ पर्यंत किमान ५०० अंश-दिवस थांबावं लागायचं. नॉर्वेत १० अंशांच्या पाण्यात त्याचे ५० दिवस होतात. आपल्या खाडीतल्या २८ अंशांच्या पाण्यात अठरा दिवसही पुरेसे ठरतात. म्हणजे हवामान आपल्या बाजूनं आहे. मग मांसात औषधाचे अंश का सापडतात?

कारण थांबता येत नाही. या पुस्तिकेचं मर्म मला इथे दिसलं. तलावात मर सुरू झाली की शेतकरी आधी औषध देतो, आणि मर थांबली नाही तर उरलेला माल वाचवण्यासाठी दोन-चार दिवसांत जाळं ओढून काढणी करतो. औषध आणि काढणी यांच्यात जे दिवस जायला हवेत, तेच दिवस त्याच्यापाशी नसतात. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आल्यावर आमचं काय होतं? घड भरलेले, व्यापारी दारात, आणि पानांवर रोग. फवारावं तर पीएचआय मोडतो, न फवारावं तर बाग जाते. अंश हे बहुतेक वेळा लबाडीतून येत नाहीत, घाबरलेल्या माणसाच्या हातून येतात. ज्याला हे ठाऊक आहे, तो शेतकऱ्याला नुसता दंड लावून मोकळा होणार नाही.

काही औषधांना मात्र थांबण्याचा हिशेबच लागू नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायचीच नाहीत. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित एखाद्याच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणंच बंद पडतं. डोस किती यावर ते ठरत नाही, म्हणून त्याची सुरक्षित मर्यादा सांगता येत नाही. नायट्रोफ्युरानची गोष्ट आणखी चिवट. मूळ औषध माशाच्या शरीरात थोड्या काळात मोडून नाहीसं होतं, पण त्याचे तुकडे मांसातल्या प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात. उकडा, तळा, ते जात नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत मांसाचा लगदा सौम्य आम्लात रात्रभर, सुमारे सोळा तास, कोमट ठेवतात, तेव्हा कुठे ते तुकडे प्रथिनांपासून सुटतात आणि यंत्राला दिसतात. यात न्यायाचाही एक प्रश्न आहे. या गटातल्या एका औषधाचा तुकडा, सेमिकार्बाझाइड, कोळंबीच्या कवचात नैसर्गिकपणेही आढळतो. नमुना घेताना कवच नीट काढलं नाही, तर निर्दोष माणसावर आळ येऊ शकतो. नमुना कसा घेतला हे विचारायला आम्ही द्राक्षवाले उशिरा शिकलो. कोळंबीवाल्यांनी एवढा उशीर करू नये.

आकड्यांबद्दल थोडं. युरोपीय संघानं २०२२च्या नोव्हेंबरपासून क्लोरॅम्फेनिकॉलसाठी कारवाईची पातळी किलोमागे ०.१५ मायक्रोग्रॅम आणि नायट्रोफ्युरानच्या तुकड्यांसाठी ०.५ मायक्रोग्रॅम केली आहे. किलोमागे एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती? हजार टनांत एक ग्रॅम. द्राक्षांच्या भाषेत, निर्यातीचे पंचाहत्तर-ऐंशी कंटेनर भरतील एवढ्या मालात एक ग्रॅम. यंत्रं एवढ्या बारकाईनं पाहू शकतात, याचं मला आजही नवल वाटतं. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११च्या नियमांनी मासळीत ऑक्सिटेट्रासायक्लिनची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली, ऑक्सोलिनिक आम्लाची ०.३, ट्रायमेथोप्रिमची ०.०५, आणि क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना मज्जाव केला. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधावर २०१९ मध्ये जनावरांसाठी बंदी आली.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायची आहे, कारण या विषयावर भीती पसरवणं सोपं आहे. मर्यादेइतकं ऑक्सिटेट्रासायक्लिन असलेला पाव किलो मासा तुम्ही खाल्लात, तर पोटात पंचवीस मायक्रोग्रॅम औषध जातं. डॉक्टर दिवसाला एक ग्रॅम देतात, म्हणजे त्याच्या चाळीस हजार पट. अशा माशानं कुणाला विषबाधा होणार नाही. मग एवढा आटापिटा कशासाठी? कारण मांसातला अंश म्हणजे तलावात काय घडलं याची खूण. माशात थोडं सापडलं याचा अर्थ गाळात पुष्कळ गेलं. त्या गाळात जिवाणू राहतात, औषधाला पुरून उरायला शिकतात आणि शिकलेलं एकमेकांना देतात. प्रतिकाराची जनुकं एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. खाडीतून हे जिवाणू कोळिणीच्या पाटीत, कोळिणीच्या हातावर आणि कुठल्या तरी दवाखान्यात पोहोचतात. तिथे ज्या बाळाला ताप आहे, त्याला औषध लागू पडत नाही. त्या बाळानं कधी कोळंबी खाल्लेली नसते.

समुद्र दूर आहे म्हणून नाशिककरांनी हात झटकू नयेत. सटाणा, मालेगाव, देवळा भागात डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग आला, तेव्हा आम्ही काय फवारलं? स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. माशाच्या खाद्यात पडतं त्या औषधाचं हे सख्खं भावंड, आणि स्ट्रेप्टोमायसिन तर क्षयाच्या रुग्णाला देतात. वर्षानुवर्षं पंपात ते भरलं गेलं, तेल्या गेला नाही, कित्येकांनी बागा मुळासकट उपटल्या. केंद्र सरकारनं २०२१च्या डिसेंबरात या मिश्रणाच्या शेतीतल्या वापरावर बंदीच्या दिशेनं पाऊल टाकलं. मी डाळिंब लावलं नव्हतं, पण शेजारच्या बागेत पुड्या मोजून दिल्या आहेत. तेव्हा हे औषध कुणाचं आहे, असा विचार मनात आला नव्हता.

बाहेरच्या देशांकडे पाहायचं तर दोनच नावं पुरेत. नॉर्वेत १९८७ साली सॅमन माशांच्या शेतीत पन्नास टनांच्या आसपास प्रतिजैविक वापरलं गेलं. मग जिवाणूंच्या रोगांवर लसी आल्या, एकेका माशाला टोचल्या गेल्या, आणि आज तिथलं उत्पादन दहा लाख टनांच्या वर असताना औषधाचा वर्षाचा वापर एका टनाच्याही खाली आहे. चिलीमध्ये याच माशासाठी २०१४ साली ५६० टनांच्या आसपास औषध गेलं, कारण तिथल्या मुख्य रोगावर लस नीट चालली नाही. नॉर्वेत आधी लस आली, नुसत्या नियमांच्या धाकानं हे झालं नसतं. जिताड्याला लस देता येईल. कोळंबीला नाही, कारण तिच्या शरीरात माशासारखी प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. तिला रोगमुक्त बीज, विरळ साठवणूक आणि स्वच्छ तळ एवढाच आधार.

आता माझी तक्रार. युरोपात जाणाऱ्या पाळीव कोळंबीची काढणीआधी एमपीईडीएच्या, म्हणजे समुद्री उत्पादनांची निर्यात पाहणाऱ्या प्राधिकरणाच्या, प्रयोगशाळेत चाचणी होते, दाखला मिळाल्याशिवाय माल हलत नाही. तिकडे पोहोचल्यावर पुन्हा तपासणी. २०१६ पासून युरोपनं भारतातून आलेल्या पाळीव मालाच्या निम्म्या खेपांचे नमुने घ्यायला सुरुवात केली. त्याच खाडीतला जो माल घाट चढून आमच्या बाजारात येतो, त्याला काढणीआधी असा दाखला सक्तीचा नाही. अन्न प्रशासन अधूनमधून नमुने उचलतं, तेवढंच. द्राक्षांचंही असंच होतं आणि आहे: परदेशी मुलाच्या घासासाठी बागेचा नोंदणी क्रमांक, आणि आपल्या नातवंडाच्या घासासाठी नुसता विश्वास. हे मला सोसत नाही. आपल्या माणसासाठी वेगळी वही नको, तीच वही हवी. गिऱ्हाइकानं विचारलं तर बाजार ऐकतो. २०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याची ओरड झाली, तेव्हा लोकांनी खरेदी थांबवली आणि प्रशासनाला तपासणी वाढवावी लागली.

हस्तलिखित वाचून झाल्यावर मी बाजारात गेलो. आमची नेहमीची कोळंबीवाली मावशी बसली होती. विचारलं, “मावशी, कोळंबी कुठली?” म्हणाली, “पालघरची, दादा. तलावातली. ताजी आहे, बघ.” ताजी होतीच. तलावात औषध घातलं होतं का, विचारलं तर ती हसली नाही की चिडली नाही. तिनं गाडीवाल्या पोराला हाक मारली, त्यानं फोन लावला, आणि पलीकडच्या माणसानं तलावाचं गाव, बीज सोडल्याची तारीख आणि काढणीचा दिवस धडाधड सांगितला. खाद्य किती पोती गेलं तेही सांगितलं. औषधाचं त्याला तोंडपाठ नव्हतं, लिहिलेलंही नव्हतं. म्हणजे हिशेब ठेवायची सवय आहेच. त्यात एक रकाना वाढवायचा आहे. त्या रकान्याचा नमुना पुस्तिकेच्या शेवटी मराठीत छापला आहे. तो आमच्या फवारणीच्या वहीवरूनच घेतला आहे: औषध, प्रमाण, पाण्याचं तापमान, शेवटचा दिवस, काढणीचा दिवस.

ज्यांना रसायनशास्त्राचा कंटाळा आहे, त्यांनी आधी खारेपाटातल्या जिताड्याचं प्रकरण वाचलं तरी चालेल. प्रयोगशाळेचं प्रकरण मात्र सोडू नये. आणि वाचून झाल्यावर पुस्तिका कपाटात न ठेवता ज्याच्याकडून मासळी घेता त्याला द्यावी. मावशीला मी एक प्रत कबूल केली आहे. ती तिचा मुलगा वाचून दाखवणार आहे.